हातपाय गळतात की फुलतात?

(प्रत्येक भाषेत काही शब्दसमूह असे असतात, की त्यांचा सरळ अर्थ घेतला तर घोटाळा होतो. प्रस्तुत पाठात मराठीतील नेहमीच्या वाक्प्रचारांचा अर्थ, त्यांचा उगम आणि रोजच्या बोलण्यातील उपयोग सांगितला आहे. उर्दूतील मुहावऱ्यांशी त्यांची तुलना करून ते कसे शिकावेत, हेही लेखकाने समजावून दिले आहे.)



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने सांगितलेली हकिकत प्रथम ऐका. तिचे वडील गवंडीकाम करीत. एके दिवशी ते परांचीवरून पडले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. त्यांना रुग्णालयात नेले. पायाला प्लास्टर घातले. रात्री तिची अम्मी खाटेशेजारी रडत बसली होती. ते पाहून परिचारिका जवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, तुमचेच हातपाय गळाले, तर यांच्याकडे कोण बघणार?"

परिचारिकेचे बोलणे मायेचे होते, पण झाले भलतेच. उर्दूत 'गलना' म्हणजे विरघळणे, सडणे. अम्मीला मराठी थोडेच समजत होते. बाकीचे शब्द तिच्या कानावरून गेले आणि 'हातपाय गळाले' एवढेच तिने ऐकले. प्लास्टरच्या आत नवऱ्याचा पाय सडू लागला आहे, अशी तिची समजूत झाली. "इथे ठेवले तर पाय कापावा लागेल. सकाळ होताच यांना घरी नेऊ," असे ती म्हणू लागली. मुलगी नववीत होती. तिला मराठी वाचता येत होते, लिहिता येत होते. 'हात', 'पाय' आणि 'गळणे' हे तिन्ही शब्द तिला ठाऊक होते. पण तीन शब्दांचा मिळून काय अर्थ होतो, हे मात्र तिला सांगता येईना. त्या माय-लेकींनी सारी रात्र भीतीत काढली.

पहाटे शेजारच्या खाटेजवळ सोबतीला बसलेल्या एका बाईंना हा प्रकार कळला. त्या दोन्ही भाषा जाणत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी अम्मीला शांतपणे सांगितले, "अहो, 'हिंमत मत हारो' असे सिस्टर म्हणाली. पायाला काही झालेले नाही." अम्मी घरी गेली नाही. उपचार पुरे झाले आणि वडील बरे झाले.

ही हकिकत सांगून झाल्यावर त्या मुलीने मला विचारले, "सर, शब्द सगळे माझ्या ओळखीचे होते, मग अर्थ का कळला नाही?" तिच्या या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आजचा पाठ.

झाडाची पाने गळतात, नळ गळतो. म्हणजे मराठीत 'गळणे' याचा अर्थ खाली पडणे, ठिबकणे. संकट आले की अंगातले बळ नाहीसे होते, हात उचलत नाही, पाऊल पुढे पडत नाही. जणू हातपाय गळून पडले! म्हणून 'हातपाय गळणे' म्हणजे धीर सुटणे. आता उर्दूचे पाहा. घाबरलेला माणूस म्हणतो, "मेरे हाथ-पांव फूल गए।" मराठी परिचारिकेने हे वाक्य ऐकले असते, तर तिने सूज कुठे आहे ते पाहिले असते आणि डॉक्टरांना बोलावले असते! भीती एकच, हातपायही तेच. पण मराठीत ते गळतात आणि उर्दूत फुलतात.

अशा शब्दसमूहाला मराठीत 'वाक्प्रचार' म्हणतात. वाक् म्हणजे वाणी, बोलणे. लोकांच्या बोलण्यात ज्याचा प्रचार झाला, म्हणजे जे रूढ झाले, तो वाक्प्रचार. उर्दूतील 'मुहावरा' हा शब्द अरबीतून आला आहे आणि अरबीत त्याचा मूळ अर्थ संभाषण असा आहे. म्हणजे दोन्ही नावे आपल्याला एकच गोष्ट सांगतात: ही संपत्ती ग्रंथांच्या आधी माणसांच्या बोलण्यात जन्माला येते.

वाक्प्रचार ओळखण्याची खूण सोपी आहे. शब्दांचा सरळ अर्थ तेथे लागू पडत नाही आणि दुसराच अर्थ बरोबर बसतो. "शाळा सुटेपर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडू लागले," असे कोणी म्हणाले, तर पोटात खरोखर कावळे असणे शक्य नाही. मुलाला भूक लागली आहे, हा अर्थ मात्र चपखल बसतो. दुसरी खूण अशी, की वाक्प्रचारातील शब्द आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. कावळ्यांच्या जागी चिमण्या बसवता येत नाहीत आणि 'ओरडणे' काढून 'गाणे' हे क्रियापद घालता येत नाही. एक वीट काढली की सारी भिंत ढासळते.

येथे वाक्प्रचार आणि म्हण यांतील फरकही लक्षात ठेवा. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आहे. ती स्वतःच पूर्ण आहे आणि तिच्यात अनुभवाचे बोल आहेत. उर्दूतील 'नाच न जाने आंगन टेढा' ही तिची सख्खी बहीण! वाक्प्रचार मात्र एकटा उभा राहत नाही. त्याला वाक्यात बसवावे लागते आणि कर्ता, काळ यांप्रमाणे त्याचे क्रियापद बदलावे लागते. 'हातपाय गळणे' याचे "त्याचे हातपाय गळाले", "तिचे हातपाय गळतील" असे रूप होते. याचाच जोडीदार 'हातपाय गाळणे'. 'गळणे' ही क्रिया आपोआप होते, 'गाळणे' ही आपण करतो. म्हणून धीर देताना "हातपाय गाळू नका" असे म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, "सर, असे हजारो वाक्प्रचार असतील. ते सारे पाठ कसे करायचे?" घाबरू नका. त्यांपैकी कित्येक तुम्हाला आधीच येतात. ते तुमच्या घरी रोज बोलले जातात, फक्त त्यांचा पोशाख थोडा वेगळा असतो. उर्दूत 'आंख लगना', मराठीत 'डोळा लागणे'. दोन्हींचा अर्थ झोप लागणे. 'आंखें खुलना' म्हणजे 'डोळे उघडणे', खरी गोष्ट उशिरा कळणे. 'कान भरना' म्हणजे 'कान भरणे', चहाडी करून मन कलुषित करणे. 'हाथ मलना' म्हणजे 'हात चोळणे', पश्चात्ताप करणे. 'नाक रगडना' म्हणजे 'नाक घासणे', अगदी लाचार होऊन विनवणी करणे. 'चूना लगाना' म्हणजे 'चुना लावणे', फसवणे. पाहिलेत ना? येथे एकेका शब्दाचे भाषांतर केले तरी चालते. शेकडो वर्षे एका बाजारात, एका गल्लीत राहिलेल्या भाषांनी एकमेकींकडून पीठ-मीठ उसने घ्यावे, तसे हे वाक्प्रचार दिले-घेतले आहेत.

मराठीच्या घरात तर फारसी आणि अरबी शब्दांचा मोठा परिवार नांदतो. फारसीतील 'पायमाल' पासून मराठीत 'पायमल्ली करणे' आले. त्याचा अर्थ तुडवणे, अवमान करणे. "नियमांची पायमल्ली करू नका," असे आपण म्हणतो. 'हौल' म्हणजे भीती आणि 'दिल' म्हणजे काळीज. त्यांपासून 'हवालदिल होणे' झाले. पाऊस लांबला की शेतकरी हवालदिल होतो. हे शब्द किती आहेत, ते पाहायचे असेल तर माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' पाहावा. तो 1925 साली प्रसिद्ध झाला. पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक होते आणि 'माधव जूलियन' या नावाने ते मराठीत कविता लिहीत.

दुसरा गट आहे अर्थ एक, पण चित्र वेगळे असणाऱ्या वाक्प्रचारांचा. भूक लागली की मराठी माणसाच्या पोटात कावळे ओरडतात, तर उर्दू बोलणाऱ्याच्या पोटात उंदीर धावतात: 'पेट में चूहे दौडना'. काही तरी लपवाछपवी आहे, असा संशय आला की आपण उर्दूत म्हणतो, 'दाल में कुछ काला है'. मराठीत म्हणतात, 'कुठे तरी पाणी मुरते आहे'. ज्या मुलखात चार महिने पाऊस कोसळतो आणि भिंतीत पाणी मुरले की घराला धोका होतो, त्या मुलखाला हा वाक्प्रचार सुचणे साहजिकच आहे.

फार दिवसांनी भेटणाऱ्या मित्राला आपण 'ईद का चांद' म्हणतो. मराठीत दुर्मीळ गोष्टीला 'उंबराचे फूल' म्हणतात. उंबराची फुले फळाच्या आत असतात, ती बाहेर दिसतच नाहीत. म्हणून जो सहसा दृष्टीस पडत नाही, तो उंबराचे फूल! उर्दूतही 'गूलर का फूल' आहे. गूलर म्हणजे उंबरच. झाड एक, निरीक्षण एक आणि वाक्प्रचारही एकच.

या गटातील दोन जोड्या मला विशेष आवडतात. कोणतेही काम सुरू करताना आपण 'बिस्मिल्ला करना' म्हणतो. मराठीत त्यालाच 'श्रीगणेशा करणे' म्हणतात. पूर्वी मूल शिकू लागले की त्याच्याकडून प्रथम 'श्रीगणेशाय नमः' ही अक्षरे गिरवून घेत. म्हणून 'श्रीगणेशा करणे' म्हणजे आरंभ करणे. उलट, एखादी गोष्ट कायमची सोडली की उर्दूत 'खैरबाद कहना' आणि मराठीत 'रामराम ठोकणे' म्हणतात. "त्याने नोकरीला रामराम ठोकला," हे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात वाचाल. वाक्प्रचार वापरणारा मनुष्य त्या वेळी पूजा करीत नसतो किंवा नमस्कारही करीत नसतो. तो फक्त 'सुरुवात' किंवा 'निरोप' एवढेच सांगत असतो. भाषेत असे शब्द सर्वांच्या मालकीचे होतात.

तिसरा गट मात्र सावधपणे पाहण्यासारखा आहे. यात शब्द ओळखीचा असतो, पण अर्थ निराळा असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने 'माझा आवडता खेळ' या निबंधात लिहिले होते, "मी धावताना पडलो आणि माझा खून झाला." त्याला 'रक्त आले' असे म्हणायचे होते! उर्दूत 'खून' म्हणजे रक्त, पण मराठीत 'खून' म्हणजे हत्या. उर्दूत आपण 'खून-पसीना एक करना' म्हणतो. मराठीत त्याला 'रक्ताचे पाणी करणे' म्हणतात. "आईने रक्ताचे पाणी करून मुलांना शिकवले," हे वाक्य लक्षात ठेवा.

'शिकस्त' हा शब्द पाहा. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे जास्तीत जास्त प्रयत्न करणे. मराठी वर्तमानपत्रात "आमच्या संघाने विजयासाठी शिकस्त केली," असे वाचून संघ हरला असे समजू नका. तसाच 'राजीनामा'. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन पक्षांतील तडजोड, तर मराठीत 'राजीनामा देणे' म्हणजे पद सोडणे. मिटवामिटवीचा कागद करायला गेलेला माणूस 'राजीनामा' म्हणू लागला, तर मराठी कारकुनाला वाटेल की हा नोकरी सोडतो आहे!

'पोबारा' याची गोष्ट तर गमतीची आहे. सोंगट्यांच्या खेळात फासे टाकतात. त्यांतील 'पौ बारह' हे दान फार चांगले समजतात. त्यावरून उर्दूत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणे, चांगलाच लाभ होणे. मराठीत मात्र 'पोबारा करणे' म्हणजे पळून जाणे. दान एकच पडले, पण एका भाषेत माणूस श्रीमंत झाला आणि दुसऱ्या भाषेत पळाला!

हात धुण्याचेही असेच आहे. 'हाथ धो बैठना' म्हणजे एखादी वस्तू गमावणे. 'हात धुऊन घेणे' म्हणजे संधी साधून फायदा करून घेणे. म्हणून "मैं जमीन से हाथ धो बैठा" याचे भाषांतर "मी जमिनीत हात धुऊन घेतले" असे केले, तर गरीब बिचारा माणूस लबाड ठरेल! येथे मराठीत "मी जमिनीला मुकलो" असे म्हणावे. आपण होऊन वस्तूवरचा हक्क सोडला असेल, तर 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार आहे. दान देताना हातावरून पाणी सोडण्याची चाल होती. एकदा पाणी सोडले की त्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क उरत नसे.

वाक्प्रचाराचा उगम कळला की तो पाठ करावा लागत नाही, तो आपोआप लक्षात राहतो. 'गाशा गुंडाळणे' हा वाक्प्रचार घ्या. त्याचा अर्थ आपले सामान आवरून निघून जाणे. "तोटा झाल्यामुळे कारखानदाराने गाशा गुंडाळला." पण गाशा म्हणजे काय? घोड्याच्या खोगिरावर घालायच्या कापडाला अरबी-फारसीत 'गाशिया' म्हणतात. मुक्काम हलवायचा झाला की स्वार आपला गाशा गुंडाळीत असे. आता घोड्यावरून प्रवास करणारे राहिले नाहीत, गाशाही कोणाच्या घरी दिसत नाही. पण वाक्प्रचाराने तो शब्द जिवंत ठेवला आहे.

काही वाक्प्रचार इतिहासातून आले आहेत. 1758 साली राघोबादादांच्या उत्तरेकडील मोहिमेत मराठ्यांचे सैन्य पंजाबात शिरले आणि सिंधू नदीकाठच्या अटक किल्ल्यापर्यंत त्यांचा अंमल पोहोचला. हा किल्ला अकबर बादशहाने बांधला होता. आज तो पाकिस्तानात आहे. पुण्याहून इतक्या दूर निशाण पोहोचले, म्हणून फार मोठा पराक्रम करण्याला 'अटकेपार झेंडा लावणे' असे म्हणू लागले. आज एखाद्या मुलीने परदेशात जाऊन पदक जिंकले, तरी तिने अटकेपार झेंडा लावला असे म्हणतात.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर अहमदशहा अब्दाली आणि मराठे यांची घनघोर लढाई झाली. त्यात मराठ्यांचा मोठा पराभव झाला. महाराष्ट्रात त्या बातमीने हाहाकार उडाला. तेव्हापासून 'पानिपत होणे' म्हणजे पुरता पराभव होणे, सर्वनाश होणे. या लढाईत मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी हा होता. तो अखेरपर्यंत मराठ्यांच्या बाजूने लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरताना त्या शूर सेनानीचीही आठवण ठेवा.

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारही पेशवाईतला आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांच्या पत्रात 'नारायणरावांस धरावे' असे होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'ध' खोडून 'मा' केला आणि 'धरावे' चे 'मारावे' झाले, अशी गोष्ट लोक सांगतात. सगळे अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत. पण वाक्प्रचार मात्र रूढ झाला. लिखाणात लबाडीने बदल करून अर्थाचा अनर्थ करणे म्हणजे 'ध चा मा करणे'. तुम्हाला हे समजायला कठीण नाही. उर्दू लिपीत एक नुक्ता जास्त पडला की 'दुआ' चा 'दगा' होतो, हे तुम्ही पहिल्या वर्गापासून जाणता!

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रत्येक वाक्प्रचारामागे सांगितली जाणारी कथा खरी असेलच असे नाही. लोक ऐकीव कथा रंगवून सांगतात. म्हणून कथा ऐकावी, पण शब्दकोशही पाहावा. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी मराठीतील वाक्प्रचारांचा एक मोठा कोशच तयार केला आहे. उर्दूत सय्यद अहमद देहलवी यांच्या 'फरहंग-ए-आसफिया' मध्ये मुहावऱ्यांचा मोठा संग्रह आहे. हे ग्रंथ वाचनालयात मिळाले, तर अवश्य चाळा.

इंग्रजीतही असेच आहे. धो धो पाऊस पडू लागला की इंग्रज म्हणतो, मांजरे आणि कुत्री पडत आहेत! मराठीत आपण 'मुसळधार पाऊस' म्हणतो. मुसळासारख्या जाड धारा ज्याच्या, तो मुसळधार. उर्दूतही 'मूसलाधार बारिश' आहे. इंग्रजी वाक्प्रचाराचे शब्दशः मराठी केले तर ऐकणारा छत्रीऐवजी काठी घेऊन बाहेर पडेल. म्हणून नियम एकच: वाक्प्रचाराचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करू नये. आधी अर्थ घ्यावा, मग दुसऱ्या भाषेत तोच अर्थ सांगणारा वाक्प्रचार शोधावा. तो सापडला नाही, तर साध्या शब्दांत अर्थ सांगावा. साधे आणि बरोबर वाक्य हे नटवलेल्या चुकीच्या वाक्यापेक्षा केव्हाही चांगले.

वाक्प्रचार शिकण्यासाठी एक वेगळी वही करा. तिच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखा. पहिल्या रकान्यात मराठी वाक्प्रचार लिहा. दुसऱ्यात त्याचा अर्थ, तिसऱ्यात त्याच अर्थाचा उर्दू मुहावरा आणि चौथ्यात स्वतःचे वाक्य लिहा. बसस्थानकावर, बाजारात, दवाखान्यात लोक बोलतात तिकडे कान द्या. भाजीवाल्या मावशी, बसचे कंडक्टर, शेजारचे आजोबा हे सारे तुमचे शिक्षक आहेत. अर्थ कळला नाही, तर "काका, याचा अर्थ काय हो?" असे विचारायला लाजू नका. विचारणाऱ्याला एक क्षण संकोच वाटतो, न विचारणाऱ्याला सारी रात्र भीतीत काढावी लागते.

परीक्षेत 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न असतो. त्यात पुष्कळ मुले "मला पोबारा करणे येते" किंवा "हातपाय गळणे वाईट आहे" अशी वाक्ये लिहितात. अशा वाक्यांतून अर्थ समजत नाही, म्हणून गुण मिळत नाहीत. वाक्य असे हवे, की वाक्प्रचार झाकला तरी प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहावा. "पोलिसाची शिट्टी ऐकताच चोराने पोबारा केला." "वर्षभराची कमाई पुरात वाहून गेलेली पाहून रामरावांचे हातपाय गळाले." या वाक्यांत प्रसंगही आहे आणि अर्थही आहे. मात्र एका निबंधात वाक्प्रचारांची गर्दी करू नका. मीठ थोडे असले तरच जेवणाला चव येते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीही देऊ शकाल. शब्द ओळखीचे असले, तरी त्यांना एकत्र आणून नवा अर्थ देणारी माणसे असतात. त्या माणसांच्या बोलण्याशी ओळख झाल्याशिवाय अर्थ उलगडत नाही. परिचारिकेने परकेपणाने नव्हे, तर अगदी घरच्या माणसाशी बोलावे तसे बोलून धीर दिला होता. वाक्प्रचार न कळल्यामुळे तो धीर अम्मीपर्यंत पोहोचला नाही, भीती मात्र पोहोचली. पुढे शाळा संपताना ती मुलगी मला भेटली, तेव्हा तिने हसत सांगितले, "सर, आमच्या गल्लीत एका मराठी काकूंचा मुलगा आजारी होता. अम्मी त्यांच्या घरी जाऊन बसली आणि म्हणाली, 'काकू, हातपाय गाळू नका.'"

मुलांनो, ज्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच्या भाषेत त्याचे अश्रू पुसू शकाल, त्या दिवशी ती भाषा तुमचीही झाली असे समजा.

शब्दार्थ

परांची: बांधकामासाठी उभारलेला बांबूंचा मचाण
चपखल: अगदी योग्य, बरोबर बसणारे
रूढ: प्रचारात असलेले
कलुषित करणे: वाईट करणे, बिघडवणे
मुरणे: आत झिरपणे
तडजोड: समझोता
दान: फासे टाकल्यावर पडणारा डाव
खोगीर: घोड्याच्या पाठीवर घालायची बैठक, जीन
अंमल: सत्ता, हुकमत
गारदी: कवायती फौजेतील पायदळ शिपाई
रकाना: पानावरील उभा भाग, खाना

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीच्या अम्मीने परिचारिकेच्या बोलण्याचा कोणता अर्थ घेतला?
(आ) 'मुहावरा' या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ कोणता?
(इ) उंबराची फुले बाहेर का दिसत नाहीत?
(ई) इब्राहिमखान गारदी कोण होता?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वाक्प्रचार ओळखण्याच्या दोन खुणा कोणत्या?
(आ) म्हण आणि वाक्प्रचार यांत काय फरक आहे?
(इ) 'गाशा गुंडाळणे' हा वाक्प्रचार कसा निर्माण झाला?

प्र. 3. पुढील शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहा.
खून, शिकस्त, राजीनामा

प्र. 4. पुढील मुहावऱ्यांच्या अर्थाचे मराठी वाक्प्रचार पाठातून शोधून लिहा.
(अ) पेट में चूहे दौडना (आ) दाल में काला होना (इ) खैरबाद कहना (ई) खून-पसीना एक करना

प्र. 5. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
हवालदिल होणे, पायमल्ली करणे, पाणी सोडणे, ध चा मा करणे, अटकेपार झेंडा लावणे

प्र. 6. पुढील वाक्यातील चूक दुरुस्त करून वाक्य पुन्हा लिहा.
"सायकलवरून पडल्यामुळे माझ्या भावाच्या गुडघ्यातून खून निघाला."

उपक्रम: आठवडाभर घरी, बाजारात आणि प्रवासात ऐकलेले दहा वाक्प्रचार तुमच्या वहीत चार रकान्यांत लिहा. त्यांपैकी एकाचा उगम घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि वर्गात सांगा.